टाचांच्या भेगा, कोकमतेल आणि बोस्टनमधला एक तुकडा

मंडळी, कर्जत-खालापूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो पाऊस. भिवपुरीचे धबधबे, कोंडाण्याची लेणी, चिखलाने भरलेले बूट आणि परतीच्या कर्जत लोकलमध्ये ओल्या कपड्यांचा वास. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यातल्या कोरड्या त्वचेबद्दल लिहायचं म्हणजे चेरापुंजीतल्या पाणीटंचाईबद्दल लिहिण्यासारखं आहे. गंमत म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

जानेवारीत याच गावांत जाऊन बघा. भात कापून झालेला असतो, खाचरं कडक झालेली असतात, पहाटे घाटावरून गार कोरडा वारा उतरतो. आणि जी माणसं जुलैमध्ये लावणीला दिवसदिवस गुडघाभर चिखलात उभी होती, त्यांच्याच टाचांना आता भेगा पडलेल्या असतात. काहींच्या इतक्या खोल की रक्त येतं. शहरात आपण ज्याला 'ड्राय स्किन' म्हणून कॉस्मेटिक्सच्या कप्प्यात टाकतो, तो इथे मजुरी बुडवणारा प्रकार आहे. लंगडत उतारावरून लाकडाची मोळी आणता येत नाही.

टाचाच का? कारण तळवे आणि तळहात यांच्यावर तेलग्रंथी नसतातच. बाकी अंगाला थोडंफार घरचं तेल मिळतं, टाचेला शून्य. वर तिथली मेलेल्या पेशींची थर-चढण सगळ्यात जाड. ती वाळली की लवत नाही, आणि वजन पडलं की सरळ फाटते.

यावर आमच्याकडे आजीच्या पिढीचा उपाय होता कोकमतेल. आपण आमसुलं घालतो आमटीत, त्याच फळाच्या बियांचं हे तेल. बिया वाळवायच्या, आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं. गार झालं की ते घट्ट होतं, म्हणून त्याचे मुठीत वळून लांबट गोळे करतात. रात्री पाय गरम पाण्यात बुडवून ठेवायचे, दगडाने घासायचे, पुसायचे आणि मग गोळ्याचा तुकडा दिव्यावर पातळ करून भेगांत भरायचा. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे काही फक्त आजीचं गुपित नव्हतं. १८७४ साली लंडनला फ्लुकिगर आणि हॅनबरी या दोन औषधशास्त्रज्ञांचा 'फार्माकोग्राफिया' नावाचा जाडजूड ग्रंथ निघाला, त्यात कोकमतेलाची स्वतंत्र नोंद आहे. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८७२ मध्ये, अमेरिकेत रॉबर्ट चेझब्रो याने खनिज तेलाच्या विहिरींच्या गाळापासून बनवलेल्या व्हॅसलिनचं पेटंट घेतलं होतं. १८८२ मध्ये जर्मनीत मेंढीच्या लोकरीतली चरबी शुद्ध करून लॅनोलिन आलं. तिच्यातूनच पुढे आयझॅक लिफ्शुट्झने असा पदार्थ वेगळा काढला की जो तेलात पाणी धरून ठेवतो, आणि त्यावर १९११ मध्ये निव्हिया उभी राहिली. (तेलात पाणी घोटण्याची कल्पना मात्र फार जुनी. आपल्याकडचं शतधौत घृत, म्हणजे पाण्याने शंभर वेळा धुतलेलं तूप, हे दुसरं काय आहे? रोममधल्या गॅलेनचं कोल्ड क्रीमही त्याच जातीचं.)

मुंबईत १९१९ साली पाटणवालांनी 'अफगाण स्नो' काढलं. 'स्नो' म्हणजे व्हॅनिशिंग क्रीम, आणि त्याचा मुख्य घटक स्टिअरिक आम्ल. आता योगायोग बघा. कोकमतेलातलं निम्म्याहून जास्त मेदाम्ल हे स्टिअरिकच असतं! म्हणूनच ते जानेवारीत काय, मेमध्येसुद्धा घट्ट राहतं. त्याचा विरघळण्याचा बिंदू चाळीस अंशांच्या आसपास, आणि टाच तर अंगापेक्षाही गार. खोबरेल वाहून चादरीला लागतं, कोकमतेल भेगेत मेणासारखं बसून राहतं. ज्याने कोणी पहिल्यांदा हे तेल टाचेसाठी निवडलं, त्याला मी सलाम करतो. मटेरियल सिलेक्शन यालाच म्हणतात.

पण ते नेमकं करतं काय? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सगळ्यांचा समज असा की त्वचा कोरडी होते तेल कमी पडल्याने, आणि वरून तेल दिलं की ती मऊ होते. वंगण घातलं की बिजागरी कुरकुरायची थांबते, तसं काहीतरी. १९५२ साली बोस्टनच्या आयर्विन ब्लँक यांनी हा समज एका अत्यंत साध्या प्रयोगाने मोडला. त्यांनी कडक झालेल्या जाड कातडीचे, म्हणजे आपण ज्याला घट्टा म्हणतो त्याचे, तुकडे घेतले. वाळलेला तुकडा तेलात बुडवून ठेवला. कडक तो कडकच. पाणी मिळालं की तोच तुकडा लवायला लागला. वरच्या थरात पाण्याचं प्रमाण साधारण दहा टक्क्यांखाली गेलं की तो ठिसूळ होतो, हे त्यांनी दाखवलं. कोरडेपणा म्हणजे पाण्याचा अभाव. तेलाचं काम आहे ते पाणी उडू न देणं.

मला हा प्रयोग फार आवडतो, कारण तो घरीही करता येईल इतका साधा आहे आणि तरी तोवर कोणी केला नव्हता. किंवा असं म्हणू की कर्जतच्या आजीबाई रोज रात्री करत होत्या, फक्त पेपर पब्लिश करत नव्हत्या. आधी गरम पाणी, मग तेल. क्रम बरोब्बर! उलटा केला, म्हणजे सुक्या टाचेवर नुसतं तेल चोपडलं, तर निम्मं काम वाया.

पुढे १९८० च्या दशकात पीटर इलायस यांनी या थराला विटांच्या भिंतीची उपमा दिली. मेलेल्या पेशी म्हणजे विटा, मधले मेद म्हणजे चुना. विटांच्या आत पाणी धरून ठेवणारे छोटे रेणू असतात: अमिनो आम्लं, युरिया वगैरे. ते पाण्यात विरघळतात. म्हणजे दिवसदिवस चिखलात उभं राहिलं की तेच धुऊन जातात, आणि वर साबण मधला चुनाही खरवडतो. लावणी आणि भेगा यांचा संबंध इथे लागतो. भांडी घासणाऱ्या बाईंच्या हातांचंही हेच गणित. आणि आपलं? आपण दहा तास एसीत बसतो, एसी हवेतलं पाणी काढून बाहेरच्या पाइपातून टपटप गाळत असतो. तो पाइप बघून ठेवा एकदा.

आजच्या क्रीममध्ये म्हणून दोन-तीन गडी एकत्र असतात. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं, व्हॅसलिनसारखं काहीतरी झाकण बनतं, आणि टाचेच्या क्रीममध्ये जास्त प्रमाणात युरिया असला तर तो जाड थर सैल करतो. जाहिरातीतलं 'खोलवर पोषण' विसरा. तो थर मेलेला आहे, त्याला जेवू घालता येत नाही.

मग गावात क्रीमच पोचवावं का? ढाक्याच्या एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर एक अभ्यास झाला, २००८ साली त्याचे आकडे आले. ज्यांना व्हॅसलिन-लॅनोलिनच्या जातीचं मलम लावलं त्यांच्यातले मृत्यू काही न लावलेल्यांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी, आणि ज्यांना साधं सूर्यफुलाचं तेल लावलं त्यांच्यात २६ टक्क्यांनी. कातडीची भिंत धड राहिली की जंतू आत शिरत नाहीत, एवढंच. पण म्हणून कुठलंही तेल चालतं असं नाही. उंदरांवरच्या प्रयोगात मोहरीच्या तेलाने ही भिंत सावरायला उलट उशीर लागला.

कोकम मुख्यतः खालच्या कोकणातलं. इकडच्या ठाकर-कातकरी वाड्यांमध्ये मोहाच्या बियांचं तेल जास्त जवळचं, थंडीत तेही थिजतं. काही घरांत भेगेवर बिब्बाही लावतात. तो मात्र कृपया लावू देऊ नका, बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात.

आणि घरात कोणाला मधुमेह असेल तर दिव्यावर पातळ केलेलं तेल थेट भेगेत सोडणं बंद करा. पायाची जाणीव कमी झालेली असते, चटका कळत नाही, आणि भाजलेल्या टाचेतून सुरू झालेलं दुखणं पाय कापण्यापर्यंत गेलेलं डॉक्टरांनी पाहिलेलं असतं. बुडवायचं पाणीसुद्धा कोमटच हवं, आणि ते कोमट आहे की नाही हे दुसऱ्या कोणीतरी हात घालून बघावं.