जिवंत पेशीतील क्रियाशील ऑक्सिजन रेणूंचा शोध : मापनपद्धतींचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

श्वसनक्रियेत वापरल्या जाणाऱ्या ऑक्सिजनचे बहुतांशी पाणी होते. तथापि त्याच्या अल्पशा अंशाचे क्षपण अपुरे राहते आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड व हायड्रॉक्सिल मूलक ही क्रियाशील रूपे निर्माण होतात. यांपैकी हायड्रॉक्सिल मूलकाचे पेशीतील आयुष्य सेकंदाच्या सुमारे एक अब्जांश भागाइतके असते. असा रेणू प्रत्यक्ष पकडता येत नाही, त्याने मागे ठेवलेली खूण तेवढी वाचता येते. ती खूण नेमकी कोणाची, हाच या पद्धतींच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

चुंबकीय पद्धती

१९४४ मध्ये कझान येथे येव्गेनी झावोयस्की यांनी इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्सचा शोध लावला. एकाकी इलेक्ट्रॉन ओळखणारे हे तंत्र बॅरी कॉमनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये ऊतींवर वापरले व मुक्तमूलकांचे अस्तित्व दाखविले. मात्र पाणी सूक्ष्मतरंग शोषून घेत असल्याने ऊती गोठवून वाळवाव्या लागल्या. म्हणजे पुरावा मिळाला, पण तो जिवंत पेशीचा नव्हता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'स्पिन ट्रॅपिंग' पद्धतीने अल्पायुषी मूलकास दुसऱ्या रेणूशी बांधून टिकाऊ करण्याचा मार्ग खुला झाला.

विकराची कसोटी

ड्यूक विद्यापीठातील जो मॅकॉर्ड व अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये सुपरऑक्साइड डिसम्यूटेज या विकराचे कार्य उलगडले. हे ताम्रयुक्त प्रथिन त्यापूर्वी ज्ञात होते, परंतु त्याचे प्रयोजन अज्ञात होते. या शोधामुळे मापनास प्रथमच विश्वासार्ह कसोटी लाभली : हे विकर मिसळल्यावर सायटोक्रोम-सी चे जेवढे क्षपण थांबते, तेवढेच सुपरऑक्साइडच्या खाती मांडावयाचे. याच कसोटीच्या आधारे बर्नार्ड बॅबिअर व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये जंतुभक्षक श्वेतपेशी सुपरऑक्साइड निर्माण करतात, हे दाखविले. तथापि सायटोक्रोम-सी अखंड पेशीत शिरत नसल्याने केवळ पेशीबाहेर आलेलेच सुपरऑक्साइड मोजता येई.

चमकणारी रंगद्रव्ये

पेशीच्या अंतर्भागासाठी फ्लुओरेसंट रंगद्रव्ये उपयोगात आली. १९६५ मध्ये केस्टन व ब्रँट यांनी हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी सुचविलेले डायक्लोरोफ्लुओरेसिन हे रंगद्रव्य १९८३ मध्ये श्वेतपेशींत वापरले गेले आणि सुलभतेमुळे सर्वत्र रूढ झाले. परंतु त्याचे क्षपित रूप हायड्रोजन पेरॉक्साइडशी थेट अभिक्रिया करीत नाही. त्यास लोह वा पेरॉक्सिडेजसारखे उत्प्रेरक लागतात. शिवाय त्यापासून बनणारे मूलक ऑक्सिजनशी संयोग पावून स्वतःच सुपरऑक्साइड निर्माण करते. म्हणजे जे मोजावयाचे, त्यात मापकच भर घालतो. हायड्रोएथिडीनची कथाही बोधप्रद आहे. सुपरऑक्साइडमुळे त्यापासून एथिडियम बनते, हा समज २००३ पासून कल्याणरामन यांच्या गटाने दूर केला. खरा पदार्थ हायड्रॉक्सिएथिडियम निघाला. दोहोंची लाल चमक परस्परांत मिसळत असल्याने केवळ सूक्ष्मदर्शकातील लालीवर विसंबता येत नाही, पदार्थ वेगळे करून मोजावे लागतात.

जनुकीय संवेदक

२००६ मध्ये बेलोउसोव व सहकाऱ्यांनी जीवाणूतील ऑक्सिआर प्रथिनास पिवळ्या चमकणाऱ्या प्रथिनाची जोड देऊन 'हायपर' हा हायड्रोजन पेरॉक्साइडचा संवेदक घडविला. तो पेशी स्वतःच तयार करीत असल्याने इच्छित अंगकात पोहोचविता येतो. मात्र पेशीतील आम्लता बदलल्यानेही त्याची चमक बदलते, म्हणून पेरॉक्साइडला प्रतिसाद न देणारे त्याचे उत्परिवर्तित रूप तुलनेस घ्यावे लागते.

निष्कर्ष

या क्षेत्रातील प्रगती नव्या मापकांइतकीच जुन्या मापकांविषयीच्या शंकेतून झाली, असे दिसून येते. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांतही मोघम संज्ञेऐवजी विशिष्ट रेणूचा उल्लेख करण्याचा आग्रह आहे. महाविद्यालयीन संशोधनासही हे लागू पडते. एखाद्या वनस्पतिअर्काने रंगद्रव्याची चमक घटली, एवढ्यावरून तो पेशीतील क्रियाशील ऑक्सिजन नष्ट करतो असे सिद्ध होत नाही. अर्काचा स्वतःचा रंगही प्रकाश शोषू शकतो. योग्य नियंत्रण-प्रयोगाविना मिळालेला आकडा हा निष्कर्ष नसून केवळ निरीक्षण ठरतो.