ठिणगीची वेळ

मोटारीचे इंजिन पूर्ण उघडून नव्या रिंगा व नवी बेअरिंगे घालून पुन्हा जोडावे. पेट्रोल येत असावे, प्लगवर ठिणगीही पडत असावी. आणि तरीही इंजिनाने सुरू होण्याचे नाव न घेता कारब्युरेटरमधून फटाका उडवावा, हा प्रकार गॅरेजांना नवा नाही. अशा वेळी दोष बहुधा एकेका भागात नसून त्यांच्या परस्पर मेळात असतो. तो इतक्या सहजपणे का घडतो, याचे उत्तर इंजिनाच्या जन्मकथेत आहे.

१८६२ साली अल्फोन्स बो द रोशा या फ्रेंच अभियंत्याने चार धावांच्या इंजिनाची कल्पना कागदावर मांडली. १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ओटो याने तसे इंजिन चालवून दाखविले. शोषण, संपीडन, ज्वलन आणि उत्सर्जन या चार धावा पूर्ण होण्यास क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात. अर्थात दट्ट्या दोनदा माथ्यावर येतो : एकदा मिश्रण दाबून धरताना, एकदा जळका वायू बाहेर लोटताना. ठिणगी हवी असते ती पहिल्या वेळी. परंतु नुसत्या दट्ट्याकडे पाहणाऱ्यास दोन्ही वेळा अगदी सारख्या दिसतात.

प्रारंभी ठिणगीची वेळ साधण्याचे काम चालकाच्या हाती होते. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत त्यासाठी सुकाणूच्या चक्राखाली एक दांडी असे. ती मागे घेण्यास विसरून हँडल मारले, तर ठिणगी वेळेपूर्वी पडून हँडल उलट फिरे आणि मनगट मोडे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर आणि बॅटरीवर चालणारी ठिणगी आणली. पुढे डिस्ट्रिब्यूटरमधील फिरती वजने वेगानुसार ठिणगी आपोआप आधी पाडू लागली. चालक या चिंतेतून सुटला. जबाबदारी मात्र इंजिन जोडणाऱ्याच्या माथी आली.

आणि येथेच खुणा फसवितात. शेव्हरोलेच्या १९५५ च्या आठ सिलिंडरी इंजिनात टायमिंग चेनच्या दोन्ही चक्रांवर ठिपके असतात. ते समोरासमोर आणले की जोडणी बिनचूक होते. पण त्या क्षणी पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या उत्सर्जन संपवून माथ्यावर आलेला असतो. ठिणगीची पाळी असते सहाव्याची. हे न जाणता डिस्ट्रिब्यूटरचा रोटर पहिल्या प्लगच्या तारेकडे रोखला, तर ठिणगी पूर्ण एक फेरा चुकते. त्या वेळी शोषणाची झडप उघडू लागलेली असल्याने ज्वाला कारब्युरेटरकडे उलटते.

निदानाचा मार्ग सोपा आहे. पहिला प्लग काढून भोकावर अंगठा ठेवावा आणि क्रँक सावकाश फिरवावा. अंगठा जोराने उचलला जाऊ लागला की ती संपीडनाची धाव. मग पुलीवरील खूण जुळेपर्यंत फिरवून रोटर कोठे वळला आहे ते पाहावे. तो पहिल्या तारेच्या नेमका विरुद्ध असेल, तर दोष सापडला. रोटर योग्य जागी असूनही इंजिन अडखळत असेल, तर तारांचा क्रम तपासावा. सर्वच सिलिंडरांत दाब सारखाच कमी भरत असेल, तर संशय ठिणगीवरून काढून चेनवर न्यावा. तेथे एखादा दात चुकलेला असण्याचा संभव असतो. ठिणगी थोडीशीच आधी पडत असेल, तर चढावर इंजिन ठोकू लागते. उशिरा पडत असेल, तर ते तापते आणि त्याचा जोर ओसरतो.

१९४८ च्या सित्रोएन ‘दोन सीव्ही’ गाडीने हा पेच निराळ्या रीतीने सोडविला : तिच्यात दट्ट्या माथ्यावर आला की दोन्ही वेळा ठिणगी पडते, त्यांतील एक वाया जाते. आजच्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर उरलेला नाही. क्रँक आणि कॅम यांच्याजवळील संवेदक धाव ओळखतात. तथापि पट्टा किंवा चेन एक दात चुकवून बसविली, तर त्यांनाही चुकीचीच साक्ष मिळते, आणि काही इंजिनांत झडपा दट्ट्यावर आदळून वाकतात. म्हणून किल्ली फिरविण्यापूर्वी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहण्याची जुन्या कारागिरांची रीत आजही मोलाची आहे.