२८२ मार्कांचा इतिहास



मी प्राध्यापक नाही. लातूरच्या एका डाळ मिलमध्ये पोती उचलतो, रात्री वाचतो, कधीमधी कविता लिहितो. तरी इतिहासावर लिहायला बसलोय. कारण बारावीचा निकाल लागला की वस्तीतली पोरंपोरी कार्यकर्त्यांकडं येतात. "दादा, ४२ टक्केच पडले. आता लांबच्या कॉलेजात जाऊन काय करू?" आणि आपलेच शहाणे लोक सांगतात, मार्क कमी आहेत, गावातच फॉर्म भर, काम कर, जमलं तर शिक. या सल्ल्याला इतिहासानं कधीच उत्तर दिलंय. ते आपल्याला तोंडपाठ पाहिजे.

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. मार्क किती? ७५० पैकी २८२. म्हणजे ३७.६ टक्के. हा पोरगा परळच्या चाळीत एका खोलीत राहत होता. वस्ती गिरणी कामगारांची. तिथंच चूल, तिथंच झोप, तिथंच अभ्यास. बाप रात्री दोनला उठवायचा, तेव्हा कुठं पुस्तकाला शांतता मिळायची. संस्कृत शिकायचं होतं, अस्पृश्य म्हणून शिकू दिलं नाही. पर्शियन घ्यावी लागली. मग हे २८२ मार्क कुणाचे? त्या डोक्याचे का त्या खोलीचे? मी म्हणतो, खोलीचे, आणि त्या खोलीत कोंडणाऱ्या समाजाचे. पुढं सयाजीराव गायकवाडांची महिना २५ रुपये स्कॉलरशिप मिळाली म्हणून एल्फिन्स्टन कॉलेज निभावलं. १९१३ साली हाच विद्यार्थी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला. डोकं तेच होतं. जागा बदलली, ग्रंथालय मिळालं, पोटाची सोय झाली. पुढचं जगाला माहीत आहे.

बाबासाहेबांनी यातून धडा काढला. १९२७ साली मुंबईच्या कौन्सिलात त्यांनी सरकारला बजावलं, की खालच्या वर्गांसाठी उच्च शिक्षण होता होईल तितकं स्वस्त करा. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. मग त्यांची नजर मराठवाड्याकडं वळली.

मराठवाड्याची तेव्हाची गत काय होती? निजामाचं राज्य. औरंगाबादला इंटरपर्यंतचं कॉलेज, पदवीसाठी हैदराबाद, आणि उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू. मराठी बोलणाऱ्या महारा-मांगाच्या पोराला ते दार दिसायचंसुद्धा नाही. १९४८ ला निजामाचं राज्य गेलं आणि जून १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हातून पायाभरणी झाली. त्याचंच नाव पुढं मिलिंद.

हे नाव नीट समजून घ्या. मिलिंद हा ग्रीक राजा वादात कुणाला हार न जाणारा. भिक्खू नागसेनासमोर तो हरला, आणि हरलो हे मान्य करून त्याचा शिष्य झाला. कॉलेजला नाव हरलेल्याचं, परिसराला नाव नागसेनवन. म्हणजे हरलेल्यानं शिकायला यायचं ठिकाण! टक्केवारीचा धाक घालणाऱ्यांना हे एवढं सांगितलं तरी पुरे.

कुणी विचारेल, १९५० लाच नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं पीपल्स कॉलेज निघालं, १९६१ ला लातूरला दयानंद कॉलेज आलं. मग नांदेडच्या पोरानं छोट्या लाईनच्या गाडीत बसून औरंगाबाद का गाठायचं? कारण घरी राहिलं की पुस्तक उघडायच्या आत गावचा निरोप येतो. मळणीला चल, मोळी टाक, ढोर मेलंय. कॉलेज जवळ असतं, पण वेळ आपली नसते. वसतिगृह म्हणजे नुसतं छप्पर नव्हे, ती गावकीपासून सुटका आहे. शाहू महाराजांनी हे ओळखलं होतं. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उगीच नाही निघालं. मिलिंदमध्ये प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं, पोरांनी ते बाबासाहेबांसमोर केलं. तिथंच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवलं. घर सोडून आलेल्या पोरांना नुसती डिग्री नाही, भाषा मिळाली.

आणि ही भाषा खुपली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि आपल्या वस्त्या पेटल्या. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारलं. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. आणि त्याच वर्षी नांदेड, लातूरसाठी वेगळं विद्यापीठ निघालं. विद्यापीठ जवळ आलं, चांगलंच झालं. पण ज्या जिल्ह्यानं नावासाठी रक्त दिलं, त्याच जिल्ह्यातल्या पोराच्या डिग्रीवरून ते नाव गेलं.

आजचं सांगतो. वसतिगृहात नंबर न लागलेल्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ ला स्वाधार योजना आली. बाबासाहेबांच्याच नावाची. त्यात मार्कांची अट घातली: आधी ६०, नंतर ५० टक्के. हिशोब करा. ३७.६ टक्केवाल्या भीमराव रामजी आंबेडकरांना आंबेडकरांच्या नावाची योजना मिळाली नसती!

म्हणून कार्यकर्त्यांनो, ४२ टक्केवाला पोरगा आला तर त्याला मार्क विचारू नका. त्याच्या घरात दिवा कुठंय, ते विचारा. मग त्याच्यासाठी कॉलेज शोधताना तीन गोष्टी बघा. वसतिगृह आहे का. स्कॉलरशिपचा फॉर्म भरून घेणारं माणूस आहे का. ग्रंथालय संध्याकाळी उघडं असतं का. कॉलेजच्या बोर्डावर मेरिटवाल्यांचे फोटो किती लावलेत, ते मोजू नका. आणि पोरगी आली तर तिच्या बापाकडं आधी जा, कारण लांब पाठवायला मार्कांपेक्षा तोच जास्त आडवा येतो.

मार्क कमी असणाऱ्याला लांबच्या चांगल्या कॉलेजची गरज जास्त आहे. पहिल्या नंबरवाला कुठंही शिकेल. ज्याला खोलीनं हरवलंय, त्याची खोली बदला. मिलिंदचा इतिहास एवढाच आहे.

जयभीम!