अर्ध्या इंचाची गोष्ट: कुर्ल्याची डॉज आणि अणदूरचा रस्ता

हेडफोन नीट लावा, आज आपण रबरावर बोलणार आहोत. टायरचं रबर नाही. जुन्या गाडीची बॉडी आणि तिची चासी यांच्या मधोमध, बोल्टभोवती एक गोल तुकडा बसवलेला असतो, साधारण मोठ्या पेढ्याएवढा. गॅरेजमध्ये त्याला कुणी बॉडी माउंट म्हणतं, कुणी बुश, कुणी सरळ ‘बॉडीचं रबर’.

विषय निघाला अणदूरच्या एका मित्रामुळे. त्याने विचारलं, जुनी गाडी कुठेही न कापता थोडी खाली बसवता येते का? उत्तर आहे: येते, पण प्रत्येक गाडीत नाही. कुठल्या गाडीत येते आणि कुठल्या नाही, हे बघायला गेलं की आपल्या मोटारींचा सगळा इतिहासच उलगडायला लागतो.

सुरुवात अणदूरच्याच रस्त्यापासून करू. नळदुर्गच्या शेजारचं हे गाव सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरली ती याच रस्त्याने. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला आणि मग रणगाडे आणि मोटारींवरचं पायदळ जळकोट ओलांडून त्याच दिवशी दुपारी उमरग्यापर्यंत पोचलं. हा इतिहास शाळेत आपण तारखांनी शिकतो. मला तो चाकांनी बघायला आवडतो. एका दिवसात एवढं अंतर कापणं हे चाकांचं काम होतं.

त्या काळातली जीप, ट्रक, मोठी अमेरिकन कार, सगळ्यांची बांधणी साधारण एकच. खाली शिडीसारखी पोलादी चासी. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, चाकं, सगळं तिच्यावर. आणि वर बॉडी, जणू पाटावर ठेवलेला डबा. डबा खडखडू नये म्हणून मध्ये रबर.

आता गंमत बघा. अशा गाड्या मुंबईत तयार करणारा माणूस मूळचा सोलापूरचा. वालचंद हिराचंद, जन्म १८८२. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जाऊ लागल्या. तेव्हा अणदूर दुसऱ्या राज्यात होतं, आणि सोलापूर मुंबई प्रांतात.

या क्रायस्लरच्या गाड्या उंच होत्या. जरा जास्तच उंच. त्यामागे एक माणूस होता: के. टी. केलर, कंपनीचे अध्यक्ष. त्यांचा आग्रह असा की गाडीत माणसाला टोपी घालून बसता आलं पाहिजे. अमेरिकेत तेव्हा वारं उलट वाहत होतं. हडसनने १९४८ च्या गाडीत फरशी चासीच्या पट्ट्यांच्या मध्ये खाली उतरवली होती, आणि कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या गाड्यांची फरशी कापून अख्खी बॉडी चासीवर खाली सरकवत होती. या कापाकापीला चॅनलिंग म्हणतात. केलर मात्र टोपीवर ठाम. अमेरिकेत हा हट्ट कंपनीला महागात पडला असं माझं मत आहे, पण आपल्याकडे फेटा-टोपीवाल्यांच्या देशात तो अगदीच चुकीचा वाटत नाही!

चॅनलिंगचा सौम्य भाऊ म्हणजे पातळ रबर. मूळ रबर एक इंचाचं असेल आणि तुम्ही अर्ध्या इंचाचं घातलं, तर बॉडी अर्धा इंच खाली येते. एवढंच. पण डोळ्याला तो अर्धा इंच दिसतो, कारण चाक आणि मडगार्डमधली फट कमी होते.

इथे एक गैरसमज काढून टाकू. याने ग्राउंड क्लिअरन्स कमी होत नाही. चासी, ॲक्सल, पाटे जिथल्या तिथे आहेत. खाली येतो तो फक्त डबा. म्हणजे पाट्याची पात काढून गाडी बसवली की स्पीडब्रेकरला जी बोंब होते, ती इथे नाही.

पण भानगडी आहेत, आणि त्या सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळतील, कारण हा सगळा डिपेन्डन्सीचा प्रश्न आहे. स्टीअरिंगचा दांडा चासीवरून निघतो आणि बॉडीतून आत येतो. बॉडी सरकली की त्याचा कोन बदलतो. गिअरच्या दांड्याचं भोक, पेडल, सायलेन्सर आणि फरशीतली जागा, रेडिएटर आणि पंखा, हे सगळं तपासावं लागतं. रबराच्या आत पोलादी नळी असते, ती लांबच राहिली तर बोल्ट आवळला जातो, पण बॉडी दाबली जात नाही आणि खडखडते. रबर पातळ म्हणजे थरथर जास्त. आणि सगळीकडे सारखी जाडी नसेल तर दरवाजे लागत नाहीत. जुने मिस्त्री दरवाजाची फट याच जागी पॅकिंग घालून जुळवायचे, म्हणून रबर काढताना कुठे किती पॅकिंग होतं ते फोनमध्ये टिपून ठेवा.

मग पद्मिनीत हे का जमत नाही? कारण १९५४ पासून कुर्ल्यात आलेली फियाट ११००, जिची पुढे पद्मिनी झाली, तिला वेगळी चासीच नाही. बॉडी हीच चासी. ॲम्बॅसिडरचंही तेच. मध्ये रबर नाही, तर पातळ काय करणार? एकाच कारखान्यात काही वर्षांच्या अंतराने दोन युगं. जुनी पद्धत टिकली ती जीपमध्ये, आणि मग आपल्याकडच्या काळ्या-पिवळ्या कमांडर-ट्रॅक्समध्ये. तिथे गाडी खाली करायचा विचार कुणी केला नाही; चौदा माणसं बसली की ती आपोआप खाली यायची.

शेवटी कायदा, आणि इथे खरं नुकसान होऊ शकतं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. आणि २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या, खाजगी गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ नंबर मिळतो, नवी नोंदणी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. फरशी कापलेली डॉज तिथे अडकणार हे उघड आहे. रबर बदललेली गाडी मात्र एका दिवसात मूळ रूपात आणता येते, अर्थात जुनी रबरं, नळ्या आणि बोल्ट तुम्ही भंगारवाल्याला दिले नसतील तर. ते एका डब्यात घालून, कुठलं कुठलं ते लिहून ठेवा. आणि काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.