पत्रांच्या सोबतीने उडालेला प्रवासी

1949 ते 1973 अशी जवळजवळ पाव शतक नागपूरचा सोनेगाव विमानतळ मध्यरात्री जागा असे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री निघालेली विमाने अपरात्री इथे उतरत. टपालाच्या पिशव्या एका विमानातून दुसऱ्या विमानात चढत आणि विमाने आल्या वाटेने आपापल्या शहराकडे परत फिरत. मुंबईहून दिल्लीला निघालेला प्रवासीही त्या पिशव्यांप्रमाणेच नागपुरात उतरे आणि दिल्लीच्या विमानात जाऊन बसे. मुंबई-दिल्ली हे हवाई अंतर साधारण 1,150 किलोमीटर, आणि नागपूरमार्गे ते 1,550च्या घरात जाते. हा 400 किलोमीटरचा वळसा प्रवाशाच्या सोयीसाठी आखलेला नव्हता. चार दिशांच्या पत्रांची गाठ देशाच्या मध्यावर पडावी म्हणून तो होता. देशांतर्गत विमानप्रवासाचा आपला इतिहास या वळशात नीट वाचता येतो. आपल्याकडे हा प्रवास निव्वळ प्रवाशाच्या तिकिटावर उभा राहिला नाही. त्याला पहिला आधार टपालाने दिला, आणि असा आधार सुटला की लहान गावांचे आणि लहान पल्ल्याचे मार्ग आधी कोलमडले.

सुरुवातीपासूनच ही गोष्ट दिसते. 18 फेब्रुवारी 1911 रोजी आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला विमान नेले, त्यात होती सुमारे साडेसहा हजार पत्रे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले, तेव्हाही त्यांच्या ‘पस मॉथ’मध्ये टपालच होते. पुढच्या 1933 या पहिल्या पूर्ण वर्षात त्या सेवेने 10.71 टन टपाल वाहिले आणि 155 प्रवासी नेले. आठवड्याचा हिशेब केला तर प्रवासी तीनच्या आसपास पडतात. टपाल भरून जागा उरली तर वैमानिकामागे एकदोघांची सोय होई. पावसाळ्यात जुहूची चिखलवट जमीन पाण्याखाली जाई, तेव्हा सगळा बाडबिस्तरा पुण्यात येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवावा लागे. इतक्या अडचणीत ही सेवा टिकली, कारण पत्रांचा ओघ खंडत नसे. यावर कोणी म्हणेल की टाटांना सरकारने अनुदान दिले नव्हते, म्हणजे तो सरळ धंदाच होता. अनुदान नव्हते हे खरे. पण दर आठवड्याचे, हमखास गिऱ्हाईक होते आणि ते टपाल खाते होते. त्या गिऱ्हाइकाला वजा केले तर आठवड्याच्या तीन प्रवाशांवर एकही विमान उडाले नसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलल्यासारखे वाटले. दोस्त सैन्याची उरलेली डकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि एकामागून एक कंपन्या परवाने मिळवून उभ्या राहिल्या. पुरेसे प्रवासी नसताना वाटलेल्या या परवान्यांचा परिणाम तपासायला 1950 मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांची समिती नेमावी लागली. कंपन्या गरजेपेक्षा जास्त आहेत आणि खर्च उत्पन्नाच्या पुढे धावतो आहे, हेच त्या समितीला आढळले. याच काळात दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांनी रात्रीच्या हवाई टपालाची योजना पुढे रेटली. 30 जानेवारी 1949 रोजी ती सुरू झाली, आणि त्याच वर्षी 1 एप्रिलपासून साधी पत्रे आणि कार्डेही जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. रात्रीच्या उड्डाणाला लागणाऱ्या सोयी पुरेशा नाहीत, असा जे. आर. डी. टाटांचा आक्षेप होता, आणि तो निराधार नव्हता. पण योजना ज्या कल्पनेवर उभी होती ती मोलाची होती. दिवसभराच्या कामकाजाची पत्रे रात्री प्रवास करतील आणि सकाळी दुसऱ्या महानगरात असतील. मग त्याच विमानात बसलेल्या माणसाचाही कामाचा दिवस बुडणार नाही. रेल्वेने ज्या प्रवासाला एक अख्खा दिवस आणि रात्र जाई, तो झोपेच्या वेळेत उरकत होता. शिवाय भाडे दिवसाच्या विमानापेक्षा कमी ठेवलेले होते. टपालाने विमान उडवण्याचा बराचसा खर्च उचलला होता, म्हणूनच हे परवडले.

त्या प्रवाशाचा प्रवास आज डोळ्यांसमोर आणायचा तर आधी डकोटा समजून घ्यावे लागते. या विमानाला शेपटीखाली एक लहानसे चाक असे, त्यामुळे जमिनीवर उभे असताना त्याचे नाक वर आणि शेपूट खाली. दार मागच्या बाजूला. आत शिरलेल्या माणसाला आपल्या खुर्चीपर्यंत चढण चढून जावे लागे. उड्डाण झाले की आतली जमीन समतल व्हायची, पण दोन इंजिनांची घरघर थांबत नसे. त्यासाठी कानात घालायला कापसाचे बोळे आणि कानाचे दडे सुटावेत म्हणून चघळायला गोळ्या मिळत. आतल्या हवेचा दाब राखण्याची सोय नसल्याने विमान फार उंच जाऊ शकत नसे, आणि ढगांच्या वर जाऊन वादळ चुकवणेही शक्य नसे. ताशी 250 ते 275 किलोमीटर वेगाने मुंबई ते नागपूर हे 700 किलोमीटर कापायला पावणेतीन तासांच्या आसपास लागत. हे सारे सांगताना जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा मोह टाळलाच पाहिजे. 12 डिसेंबर 1953 च्या पहाटे नागपूरहून मद्रासकडे झेपावलेले रात्रीच्या टपालाचे डकोटा कोसळले आणि 13 जणांचा जीव गेला. आजचा प्रवासी त्याहून कितीतरी सुरक्षित आहे, आणि तो काळ परत यावा असे कोणीही म्हणू नये. मुद्दा सुखसोयीचा नाही, रचनेचा आहे. त्या विमानाला प्रवाशांखेरीज दुसरे काम होते. म्हणून जागा रिकाम्या असल्या तरी ते ठरल्या वेळी उडे.

1 ऑगस्ट 1953 रोजी आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली, तेव्हा टपालाच्या जोडीला दुसरा आधार आला. मोठ्या मार्गावरच्या कमाईतून लहान मार्गाची तूट भरून निघू लागली. 1981 मध्ये लहान गावांसाठी, आधी ईशान्येसाठी, ‘वायुदूत’ ही स्वतंत्र कंपनी काढली. तिच्याकडे लहान गावे आली. मोठ्या मार्गांची कमाई मात्र आली नाही, आणि 1993 मध्ये तिला इंडियन एअरलाइन्सच्या आश्रयाला परतावे लागले. पुढच्याच वर्षी खासगी कंपन्यांना आकाश पूर्ण खुले झाले, तेव्हाही ईशान्य, काश्मीर आणि बेटांकडे ठरावीक प्रमाणात उड्डाणे करण्याचे बंधन त्यांच्यावर घालावेच लागले. इथे एक वजनदार आक्षेप येतो. 2003 मध्ये एअर डेक्कन आली, तिकिटे स्वस्त झाली, पहिल्यांदा विमानात बसणारी कुटुंबे आली. मग प्रवाशाच्या तिकिटावर विमान चालत नाही असे कसे म्हणायचे? मुंबई-दिल्ली किंवा मुंबई-बंगळुरू मार्गावर ते चालते, यात वाद नाही. पण स्वस्त तिकिटाचे गणित भरलेल्या विमानावर आणि एकाच विमानाच्या दिवसभरातल्या अनेक फेऱ्यांवर बसवलेले असते. जिथे रोज वीस-पंचवीस माणसे जाणार, तिथे तेच गणित उलटते.

‘उडान’ योजनेने ही गोष्ट उघडपणे मान्य केली. 27 एप्रिल 2017 रोजी या योजनेखाली पहिली उड्डाणे झाली, त्यात नांदेड-हैदराबादही होते. तासाभराच्या उड्डाणाला साधारण निम्म्या जागांवर 2,500 रुपयांची मर्यादा घालायची, आणि कंपनीची तूट मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर कर बसवून भरायची, अशी ही आखणी. किडवाईंच्या काळात जे काम टपालाच्या पिशवीने केले, ते आता या अनुदानाने करायचे आहे. मात्र दोन्हींत एक मोठा फरक आहे. पत्र दररोज जाते. अनुदान तीन वर्षांनी संपते. म्हणून कित्येक मार्ग मुदत संपताच, काही तर त्याआधीच बंद पडले. सार्वजनिक पैसा विमानात बसणाऱ्यांवर का खर्चावा, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेली एसटी पुढे आडगावांपर्यंत पोचली, तीही प्रत्येक मार्गावर नफा मोजून नव्हे. पण एसटीत गावातला गरिबातला गरीब बसतो, विमानात बसत नाही. तेव्हा विमानासाठी हा युक्तिवाद जसाच्या तसा चालणार नाही. विमानाने गावाचे असे काम केले पाहिजे जे विमानात न बसणाऱ्यालाही उपयोगी पडेल. रात्रीचे टपाल नेमके तसे होते. ज्याने जन्मात विमान पाहिले नाही अशा माणसाचे कार्डही त्यातून जात होते.

आज महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांतून विमानतळाची मागणी होते. मागणी करणारे धावपट्टीची लांबी सांगतात, मुंबई किती मिनिटांत गाठता येईल हे सांगतात. त्या विमानातून प्रवाशाखेरीज रोज काय जाणार, हे क्वचितच सांगितले जाते. नाशवंत माल, औषधे, तपासणीचे नमुने, तातडीचे रुग्ण, काहीतरी रोजचे आणि गावाचे असायला हवे. ते ठरल्याशिवाय बांधलेली धावपट्टी अनुदान असेपर्यंत गजबजेल आणि नंतर गवताखाली जाईल. आपल्या गावाला विमान मागण्याआधी त्याच्या पिशवीत काय भरायचे हे आपण ठरवले पाहिजे.