सांध्यांतील फिरती कळ

सांधे धरणें हें म्हातारपणाचें लक्षण, अशी समजूत घरोघर रूढ आहे. शाळकरी मुलाचा गुडघा दुखूं लागला कीं, ‘खेळतांना पडला असेल’ एवढ्यावर विषय संपतो. संधिवाताचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

सुमारें तेरा शतकांपूर्वीं माधवकरानें रोगनिदानावर जो ग्रंथ रचिला, त्यांत आमवातास स्वतंत्र प्रकरण आहे. अंग मोडून येणें, अन्नावरची वासना उडणें, जडपणा, ताप व अंगावर सूज हीं त्यानें सांगितलेलीं सामान्य लक्षणें होत. रोग बळावला म्हणजे सांधे विंचू डसल्याप्रमाणें ठणकतात, असें सांगून छातींत धरल्यासारखें होण्याचाही तो उल्लेख करितो. त्याचा आमवात आणि आजचा अमुक एक रोग तंतोतंत एकच, असें म्हणणें धाडसाचें होईल. तथापि सांधा व हृदय यांची ही एकत्र नोंद विसरण्याजोगी नाहीं.

युरोपांत हा संबंध १८३६ सालीं फ्रेंच वैद्य बुइयो यानें ठामपणें मांडला. त्याचें मूळ घशांतील स्ट्रेप्टोकोकस जंतूंत आहे, हें विसाव्या शतकांत कळलें. पांच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा धरतो, बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनीं ताप येऊन गुडघा सुजतो. तो उतरतो न उतरतो तोंच घोटा, मग मनगट वा कोपर. पुढें सांधे पूर्ववत् होतात, व्यंग मागें राहत नाहीं, आणि येथेंच घात होतो. हृदयाची झडप जखडूं लागलेली असते, तें कित्येक वर्षांनीं जिना चढतांना दम लागल्यावर उमगतें. हाच संधिज्वर.

प्रौढांच्या ज्या विकारास गॅरड यानें १८५९ सालीं आमवाताभ संधिवात हें नांव दिलें, त्याची चाल अगदीं वेगळी. त्यांत बोटांचे लहान सांधे दोन्हीं हातांत सारखेच सुजतात. सकाळीं तासभर मूठ मिटत नाहीं.

संधिज्वरावरील उपाय पुणें-मुंबई मार्गावरील पिंपरीस तयार होऊं लागला, तेव्हां तें आजच्यासारखें कारखान्यांचें नगर झालेलें नव्हतें. भारत सरकारनें जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें १९५४ सालीं तेथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही संस्था स्थापिली आणि १९५५ सालीं पेनिसिलीन निघूं लागलें. पेनिसिलीन सांध्याची सूज उतरवीत नाहीं कीं बिघडलेली झडप सांधीत नाहीं. घशांतील जंतु मारणें, एवढेंच त्याचें काम. पण तें वेळेवर झालें तर पुढचें सारें टळतें. एकदां संधिज्वर येऊन गेल्यावर दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलीनचें इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनीं, तेंही अनेक वर्षें, द्यावें लागतें. खरी अडचण इथेंच आहे: मूल धांवूं-खेळूं लागलेलें असतें, कांहीं दुखत नसतें, आणि सुईची तारीख घरच्यांच्या ध्यानांतून जाते.