गीतरामायणाचा पहिला दिवस

1 एप्रिल 1955, शुक्रवार, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून त्या सकाळी गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. भूप रागातले हे गीत फडक्यांनीच गायले. रामासमोर लव-कुश रामकथा गातात, हा त्याचा प्रसंग; चरित्रनायकालाच श्रोता करण्याची ही योजना विलक्षणच म्हणावी लागेल. लिहिलेला कागद हरवल्याने माडगूळकरांनी ते ऐनवेळी पुन्हा लिहिले, अशी आठवण सांगतात. पुढे दर आठवड्याला नवे गीत येई. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर यांनीही त्यात गायले. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या 56 झाली.